कोटावरची केट

हार्मन मेसर हिवाळ्यात बिनकोटाचा घरी आला, की व्हेस्टा त्याला काही विचारत नसे. चुलीजवळची खुर्ची ओढायची, कॉफी पुढे सरकवायची आणि गप्प बसायचं. कोट नाही म्हणजे कुत्रं मागे राहिलं, हे त्या डोंगरात पोराटोरांनाही ठाऊक होतं. अस्वलाच्या मागावर लागलेलं कुत्रं एकेकदा डोंगराच्या दोन-दोन धारा ओलांडून जातं. हाक पोचत नाही, दिवस कलायला लागतो. मग शिकाऱ्याने काय करायचं? जिथे कुत्रं सोडलं तिथेच अंगातला कोट काढून जमिनीवर अंथरायचा आणि घर गाठायचं. कुत्रं कधीतरी दमून-भागून आपलाच माग काढत परत येतं, मालकाच्या वासावर अंग टाकतं, आणि सकाळी मालक जाऊन त्याला घेऊन येतो. बापजाद्यांपासूनची रीत. त्यात मालकाला पडसं झालं तर ते मालकाचं नशीब.

पण हार्मनच्या केटसारखं कोट धरून बसणारं कुत्रं त्या भागात दुसरं नव्हतं. अंगावर वाघासारखे पट्टे, एक कान अस्वलाने फाडलेला, आणि स्वभाव असा की घरात कुणाच्या पायात पायात यायची नाही. एकदा हार्मन तापाने फणफणला होता, म्हणून त्याचा धाकटा भाऊ डिलर्ड तिला आणायला गेला. रोज याच डिलर्डच्या हातून ती भाकरीचा तुकडा खायची. पण कोटावर बसलेली असताना त्याने हात पुढे केला मात्र, तिने तळवाच फाडला. शेवटी तापातला हार्मन स्वतः उठून गेला, म्हणाला, “चल गं पोरी, झालं,” आणि केट शेपटी हलवत उठली. डिलर्डने हाताला पट्टी बांधून ही गोष्ट दुकानात पंधरा दिवस सांगितली. जणू काही चावली नव्हती, बक्षीस दिलं होतं.

“जीव गेला तरी उठायची नाही,” हार्मन म्हणायचा, आणि दुकानातल्या शेगडीभोवतीचे सगळे बुवा माना डोलवायचे.

व्हेस्टाला या कौतुकाचा राग यायचा. “मी या माणसाच्या घरात चाळीस वर्षं बसून आहे, ऊन बघितलं नाही, थंडी बघितली नाही. माझं नाव कधी दुकानात निघालेलं ऐकलं नाही बाई!” असं ती डिलर्डला म्हणायची. पण मक्याची भाकरी करताना अस्वलाच्या चरबीत एक जाड भाकरी ती वेगळी थापायची, आणि ती कुणासाठी हे विचारायची गरज नसे. हार्मनला मात्र तिने एकदा बजावलं होतं, “अरे, तिला दुसऱ्याच्या शब्दावर उठायलाही शिकव. उद्या तुला काही झालं तर?”

“मला काय धाड भरलीय?” हार्मन म्हणाला होता.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी हार्मन एकटाच निघाला. “हॉगबॅकवर चाललोय,” एवढंच म्हणाला. हॉगबॅक म्हणजे फाट्यापलीकडची धार. सगळे शिकारी तिथेच जात, कारण तिथे शिकारीला सरकारची मुभा होती. दुपार उलटली तेव्हा त्याची पिकअप अंगणात वेडीवाकडी शिरली आणि लाकडाच्या ढिगाला जाऊन धडकली. व्हेस्टा ओल्या हातानेच धावली. हार्मन स्टिअरिंगमागे नुसत्या शर्टावर बसला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात मांडीवर परक्या वस्तूसारखा पडलेला. तो काहीतरी सांगायची धडपड करत होता, पण जात्यात खडा अडकावा तशी नुसती घरघर बाहेर येत होती. मागची कुत्र्याची पेटी रिकामी होती.

लकवा. हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, जिवावरचं टळलंय, पण बोलणं परत येईल की नाही हे सांगता येत नाही. व्हेस्टाने मान हलवली. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या डिलर्डकडे गेली आणि रडायच्या आधी पहिलं वाक्य बोलली ते हे, “त्याचा कोट अंगावर नाही. केट हॉगबॅकवर बसलेली असेल.”

“मी बघतो वहिनी. तू त्याच्यापाशी थांब.”

रविवारी चर्च बुडवून गावातले सगळे शिकारी हॉगबॅकवर चढले. धार पिंजून काढली, ओढे बघितले, झुडपांच्या जाळ्यांत वाकून बघितलं. ना कोट, ना केट. आपलंच कुत्रं हरवलं असावं इतक्या जिवाने ते शोधत होते, हे खरं. हार्मनशी ज्यांचं वाकडं होतं तेही आले होते. अशा कामाला त्या डोंगरातला माणूस कधी नाही म्हणत नाही. नाही म्हणायच्या त्याच्या जागा वेगळ्या आहेत.

इकडे हॉस्पिटलात हार्मनने वेगळाच तमाशा मांडला होता. नर्सने अंगावर पांघरूण घातलं, की डाव्या हाताने तो ते ओढायचा आणि खाली फरशीवर टाकायचा. नर्स उचलायची, झटकायची, परत घालायची. तो परत टाकायचा.

“आजोबांना उकडतंय वाटतं,” नर्स म्हणाली. “हात बांधावा लागेल असंच चाललं तर.”

“हाताला हात लावशील तर बघ,” व्हेस्टा म्हणाली. तिने पहिल्याच वेळी ओळखलं होतं. नर्स गेल्यावर तिने खुर्ची खाटेला चिकटवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “कळलं मला. कोट टाकलायस. डिलर्ड नि सगळे हॉगबॅकवर जाऊन आले, नाही सापडली.”

हार्मनने नाही-नाही अशी मान जोरजोरात हलवली. डोळे तिच्यावर रोखले. त्या नजरेत विनवणी होती, आणि तिच्यासोबत आणखी काहीतरी होतं. चोरी पकडली गेलेल्या माणसाची नजर तिला चांगली ठाऊक होती. चाळीस वर्षांत तेवढा सराव झाला होता.

“हॉगबॅकवर गेलाच नव्हतास तू,” ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले.

“आपल्या खोऱ्यात गेलास. होय ना? पार्कात.”

मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओढलेल्या गालावरून वाकडंच उतरलं. व्हेस्टाला त्याचं तोंड झोडपून काढावंसं वाटलं, आणि त्याच वेळी पुसावंसंही वाटलं. तिने पुसलं.

खोरं एकेकाळी मेसरांचंच होतं. हार्मन तिथे जन्मला, त्याचे आजा-आजी तिथे पुरलेले आहेत. तीस वर्षांपूर्वी सरकारने ते सगळं घेऊन पार्क केलं. अस्वलं-हरणं राहिली, माणसांना खाली उतरवलं. घराचं एक धुराडं तेवढं उभं आहे. तिथे शिकार करायला बंदी, आणि हार्मनचं म्हणणं असं, की माझ्या आजाने राखलेल्या रानात मला बंदी करणारा हा कोण? गेल्या वर्षी पकडला गेला. जज्जने दम भरला, पुन्हा सापडलास तर तुरुंग, वर बंदूक, गाडी आणि कुत्री सरकारजमा. त्या संध्याकाळी व्हेस्टाने त्याला बायबलवर हात ठेवायला लावला होता. हार्मनने ठेवला. व्हेस्टाने विश्वास ठेवला, कारण आजवर न ठेवूनही काही फरक पडला नव्हता.

“उद्या डिलर्डला पाठवते,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “गुपचूप. रडू नकोस आता, नर्स बघेल.”

पण सोमवारी बर्फ पडलं. असं पडलं की फाट्यावरचा पूल दिसेना. व्हेस्टा दिवसभर खिडकीशी उभी राहिली. केट बर्फात बसली असेल, पाठीवर थर साचला असेल, आणि तरी कोट सोडून आडोशालाही जाणार नाही, हे तिला दिसत होतं. आडोशाला जायची अक्कल कुठल्याही मांजरात असते. केटमधली ती अक्कल हार्मनने कौतुकाने काढून टाकली होती.

मंगळवारी रस्ता उघडला. व्हेस्टा दुकानात आली होती ती डिलर्डला गाठायला. शेगडीभोवती नेहमीचे पाच-सहा जण बसले होते. डिलर्ड कोपऱ्यात उभा होता. तेवढ्यात दार उघडलं आणि पार्कचा नवा रेंजर आत आला. व्हिटमर त्याचं नाव, सपाट मुलुखातून बदली होऊन आलेला. बुटांचं बर्फ दाराशीच झटकून आला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. बोलणी तिथेच थांबली.

“मंडळी, एक विचारायचं होतं,” त्याने टोपी काढली. “वर मेसर खोऱ्यात जुनं धुराडं आहे ना, तिथे एक कुत्री बसलीय. एका कोटावर. शनिवारपासून असावी. कुणाची आहे, माहितीय का कुणाला?”

 मग शेगडीजवळच्या एका म्हाताऱ्याने तोंडातला तंबाखू डब्यात थुंकला. “इकडे कुत्री पुष्कळ आहेत साहेब. कोटही पुष्कळ आहेत.”

लोक हसले. व्हिटमर हसला नाही, चिडलाही नाही. “पट्टेवाली आहे. एक कान फाटलेला. मागचा पाय पार सोललेला आहे, अस्वलाशी गाठ पडली असावी. मी जवळ गेलो तर अंगावर येते. मांस टाकलं, हुंगलंसुद्धा नाही.”

व्हेस्टाच्या हातात कॉफीची पुडी होती. ती तिने ठेवली, परत उचलली. फाटका कान म्हटल्यावर त्या दुकानात न ओळखणारा एकही नव्हता, आणि एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. किती प्रेमाने पाहिलं नाही! सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि ती हार्मनसाठी धरली होती.

“हे बघा,” व्हिटमर म्हणाला, “ती तिथे कशी आली, कुणी सोडली, मी विचारणार नाही. मालकाने माझ्याबरोबर जीपमध्ये बसावं, कुत्री घ्यावी, घरी जावं. माझा शब्द आहे.”

शब्द हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. तीस वर्षांपूर्वी अशीच टोपी घातलेले लोक याच दुकानात आले होते. तुमचं चर्च राहील, कबरी राहतील, रस्ता कायम उघडा राहील, आमचा शब्द आहे, म्हणाले होते. पुढच्या वसंतात रस्त्यावर साखळी लागली. हार्मनची आई वारली तेव्हा तिची शवपेटी नवऱ्याशेजारी नेता आली नाही, खाली परक्या मातीत पुरावी लागली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर ताक कुणी तोंडालाच लावलं नाही.

व्हिटमर व्हेस्टाकडे वळला. “बाई, तुमच्याकडे शिकारी कुत्री होती ना? कुणीतरी म्हणालं.”

“माझा नवरा हॉस्पिटलात मरणाला टेकलाय,” व्हेस्टा म्हणाली. “तुम्ही मला कुत्र्यांचं काय विचारता?”

“तसं नाही बाई. तुमची आहे का, एवढंच.”

“नाही,” ती म्हणाली. “आमची नाही.”

आवाज इतका सरळ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

व्हिटमरने टोपी हातात एकदा फिरवली. “मी उद्या दुपारी बाराला वर जाणार आहे. तोवर कुणी आलं तर बरं. नाही आलं, तर तिला तसं तिळतिळ मरताना मी बघत बसणार नाही.” एवढं बोलून तो गेला. दार त्याने हळू लावलं.

बाहेर गाडीशी व्हेस्टाने डिलर्डची बाही धरली. “सांगून टाकू या रे. माणूस वाईट दिसत नाही.”

“टोपीखाली सगळेच चांगले दिसतात वहिनी.”

“तो म्हणाला, विचारणार नाही.”

“आणि विचारलं म्हणजे? तुझा नवरा त्या ओढलेल्या तोंडाने जज्जपुढे उभा राहील? गाडी जाईल, बंदूक जाईल, आणि केटही जाईलच. सरकारजमा! मग काय वाचवलंस?” डिलर्डचा आवाज चढला होता, पण डोळे ओले होते. “आपणच जाऊ. फाटकातून नको, तिथे त्यांची चौकी आहे. पलीकडच्या धारेवरून मागून उतरू. उजाडताच निघालो तर बाराच्या आत पोचतो.”

“फाटकातून किती लागतं?”

“फाटकातून काय, वीस मिनिटं. पण ती त्यांची वीस मिनिटं आहेत.”

 व्हेस्टालाही तेच पटत होतं, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेता येत नाही. डिलर्डने तिला फूस लावली असं नंतर कुणी म्हणालं तर तीच त्याला गप्प करायची. चाळीस वर्षं ती त्याच मातीतलं खात होती. त्या टोपीपुढे खरं बोलणं तिच्या जिभेला माहीतच नव्हतं.

बुधवारी उजाडताच दोघं निघाले. व्हेस्टाने सोबत सॉसेज घेतलं आणि हॉस्पिटलातून आणलेला, हार्मनच्या घामाचा न धुतलेला शर्ट घेतला. शर्ट पुढे करायचा, त्याच्यासारखं म्हणायचं, चल गं पोरी, झालं. नाहीच उठली तर कोटासकट ओढत आणायची, असं तिने मनात ठरवलं होतं. कोट पोटाखाली असला तर केट कदाचित ओढू देईल. वाटेत ती हे दोनदा डिलर्डला सांगून बसली.

“बोलू नकोस, दम राख,” डिलर्ड म्हणाला.

धार सरळ उभी होती आणि बर्फावर रात्रीतून काच चढली होती. व्हेस्टाचे गुडघे साठीचे, डिलर्डचेही काही कमी नव्हते. झुडपांना धरून, मधूनमधून चार पायांवर, दोघं चढत होते. माथ्यावर पोचेतो सूर्य बराच वर आला होता. उतारावर डिलर्ड पुढे होता. अर्ध्यात आल्यावर खालून जीपचा आवाज आला, तसा त्याने तिला खस्सकन एका जाळीत ओढलं.

“चौकीची गाडी! बस खाली.”

“अरे, पण वेळ...”

“शू! दिसलो तर संपलं.”

दोघं म्हातारी माणसं बर्फात उकिडवी बसली. जीप थांबली, दार वाजलं, मग बराच वेळ काहीच आवाज नाही. व्हेस्टाने उठायचं म्हटलं की डिलर्ड तिच्या खांद्यावर हात दाबायचा. थोडं थांब. अजून थोडं. सावल्या हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकायला लागल्या. शेवटी ती त्याचा हात झटकून उठली आणि सरळ उताराने निघाली, घसरत, बसत, परत उठत.

बंदुकीचा बार एकच झाला. डोंगरातून तो फिरत फिरत गेला, आणि मग ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

धुराड्यापाशी ती पोचली तेव्हा व्हिटमर जुन्या चुलीच्या दगडावर बसला होता. टोपी गुडघ्यावर, बंदूक बाजूला भिंतीला टेकवलेली. पुढ्यात केट कोटावर पडली होती, पुढचे दोन्ही पाय बाहीवर ठेवून. व्हेस्टा तिच्यापाशी बसली. फाटका कान तिने बोटांत घेतला. तो अजून गरम होता.

“बारा वाजता आलो,” व्हिटमर खाली बघत म्हणाला. “वाटलं होतं कुणीतरी येईल. म्हणून थांबलो. काल मान वर धरत होती, आज धरत नव्हती. तरी थांबलो. कण्हायला लागली तेव्हा मग...”

मागून डिलर्ड धापा टाकत आला. केटकडे त्याने पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. “आम्ही कबरींना फुलं घालायला आलो होतो,” तो म्हणाला.

डिसेंबरात, गुडघाभर बर्फात, रिकाम्या हाताने! व्हिटमरने त्याच्या हातांकडे पाहिलं नाही. व्हेस्टाच्या हातातल्या मळक्या शर्टाकडे मात्र पाहिलं आणि परत तेच विचारलं, अगदी दुकानातल्यासारखं, “बाई, कुणाची आहे ही?”

“वहिनी,” डिलर्ड म्हणाला.

“आमची,” व्हेस्टा म्हणाली. “केट नाव तिचं. कोट माझ्या नवऱ्याचा. तो इथे शिकारीला आला होता, तुमच्या हद्दीत, चोरून. आता लिहा काय लिहायचं ते.”

व्हिटमर उठला. त्याने टोपी घातली, बंदूक खांद्याला अडकवली आणि कोटाचं एक टोक धरायला वाकला. “तुम्ही ती बाजू धरा,” तो डिलर्डला म्हणाला. “जीप खालीच आहे. घरी सोडतो तुम्हाला.”

त्याने काही लिहिलं नाही, काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही कधी नाही. माणसाने दिलेला शब्द पाळला. बेड्या घातल्या असत्या तर व्हेस्टाला हलकं वाटलं असतं. निदान आपण म्हणत होतो तेच खरं, असं तरी म्हणता आलं असतं. केटला मागच्या सीटवर तिच्या आणि डिलर्डच्या मध्ये ठेवलं होतं. रस्ता चांगला झाडून ठेवलेला होता. फाटक आलं, चौकीतल्या माणसाने हात केला, आणि ती अजून केटच्या डोळ्यांवरचं बर्फ पुसत होती तोच दुकानाची पाटी दिसायला लागली. एवढाच रस्ता होता. डिलर्डने चेहरा खिडकीकडे केला आणि दाबून धरलेला हुंदका त्याच्या तोंडून एकदम फुटला.

केटला त्यांनी कोटात गुंडाळून घरामागे पुरलं. जमीन गोठलेली, पहार लागली. मग व्हेस्टाने हात धुतले, कपडे बदलले आणि ती हॉस्पिटलात गेली.

हार्मनची खाट दाराकडे तोंड करून होती. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला कुणी परगावचा माणूस पेपर वाचत होता, नर्स त्याच्या औषधाचं बघत होती. व्हेस्टा आत आली तसा हार्मनने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, मग तिच्या मागे, दारात. पांघरूण आज अंगावरच होतं. तिने तीन दिवसांपूर्वी सांगितलं होतं ना, डिलर्डला पाठवते म्हणून. तो भरवशाने वाट बघत होता.

ती खुर्चीवर बसली. येताना तिने एक खोटं तयार केलं होतं, चांगलं शिवलेलं, कुठे टाका दिसणार नाही असं. केट घरी आहे, पाय दुखावलाय, चुलीपाशी झोपलीय. डॉक्टरही तेच म्हणाला असता, धक्का देऊ नका. पण त्याचे डोळे दारावरून परत तिच्याकडे आले, आणि तिच्या तोंडून ते निघेना.

“गेली रे केट,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत कोटावर होती. आणि ती गेली माझ्यामुळे. मला विचारलं होतं त्यांनी, मी म्हटलं...”

हार्मनने डावा हात उचलला. तो मारणार असं तिला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. पण तो हात आला तो तिच्या तोंडावर. तळवा त्याने घट्ट दाबून धरला. गालांवरून पाणी ओघळत होतं, केट गेली हे त्याला पुरतं कळलं होतं. आणि तशातही तो डोळ्यांनी शेजारच्या खाटेकडे खुणावत होता. परका माणूस ऐकतोय. गप्प बस.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ व्हेस्टाने आज पहिल्यांदा आपल्या तोंडावर दाबलेला बघितला. त्या हाताला औषधाचा वास येत होता. क्षणभर ती तशीच राहिली, कारण त्या हाताची तिला चाळीस वर्षांची सवय होती आणि तिचं त्याच्यावर प्रेम होतं.

मग तिने दोन्ही हातांनी तो तळवा तोंडावरून काढला आणि मांडीवर धरून ठेवला. तो सोडवून घ्यायला धडपडत होता. तिने सोडला नाही.

“कुत्री आमची होती,” ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात, आणि शेजारच्या माणसाने पेपर खाली केला. नर्सने मान वळवली. “मेसर खोऱ्यात बसली होती. माझ्या तोंडावर विचारलं, तुमची का? नुसतं हो म्हणायचं होतं. वीस मिनिटांचा रस्ता होता. मी नाही म्हटलं.”

आणि तिथून पुढचं तिने सगळं सांगितलं.